मिठाच्या पाण्याची बादली ते वीज नेणारं जेल

आजच्या विषयाचं नाव जरा अवघड आहे, म्हणून ते थोडं थांबून सांगते. आधी एक जुना फोटो डोळ्यांपुढे आणा. हॉलंड देशातलं लायडन गाव, साल १९०३ च्या आसपासचं. एक कोटवाला माणूस खुर्चीवर बसलाय. त्याचे दोन्ही हात दोन मोठ्या भांड्यांत बुडवलेले आहेत आणि डावा पाय तिसऱ्या भांड्यात. भांड्यांत आहे मिठाचं पाणी, आणि भांड्यांतून तारा निघून एका अवाढव्य यंत्राकडे गेल्यात. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो आणि ते चालवायला पाच माणसं लागायची.

हा होता पहिल्या ईसीजींपैकी एक. विलेम आइंटहोव्हेन नावाच्या डॉक्टरने ते यंत्र बनवलं. पुढे १९२४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. यंत्र इतकं जड की दवाखान्यात नेणं शक्यच नव्हतं. म्हणून १९०५ मध्ये त्याने दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून रुग्णाच्या हृदयाचे ठोके आपल्या प्रयोगशाळेत आणले. रुग्ण तिकडे बादलीत हात घालून बसलेला, आणि रेघ इकडे उमटतेय!

आता बादली कशाला? तुमच्या आईने तुम्हाला लहानपणी शंभरदा सांगितलं असेल, ओल्या हाताने बटणाला हात लावू नकोस. कोरडी कातडी विजेला अडवते, ओली कातडी वाट देते, आणि पाण्यात मीठ असलं तर ती वाट आणखी मोकळी होते. आपलं हृदय प्रत्येक ठोक्याला अगदी बारीकशी वीज तयार करतं. ती कातडीपर्यंत येते, पण कोरड्या कातडीवर धातूची पट्टी नुसती टेकवली तर नीट पकडता येत नाही. मधे काहीतरी ओलं लागतं. आरोग्य शिबिरात अजूनही काही बायका ईसीजीला तयार होत नाहीत, म्हणतात, "करंट देतात गं अंगात." तसं काही नाही. ते यंत्र आपल्याला काही देत नाही, आपल्या हृदयाची वीज फक्त वाचतं.

पण बादल्या घेऊन कोण फिरणार? म्हणून पुढची सगळी वर्षं माणसं एकच गोष्ट शोधत राहिली: ओलं असेल पण वाहणार नाही असं पाणी. आजच्या विषयाचं नाव तेच आहे, हायड्रोजेल. हायड्रो म्हणजे पाणी. आणि त्यातलं वीज नेणारं जेल किरणांनी कसं बनू लागलं, इथपर्यंत आपल्याला आज जायचंय.

न वाहणारं पाणी आपल्या घरात आहेच. सब्जा भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचा गोळा धरतो. कोरफडीचं पान चिरलं की आतला गर हातात उभा राहतो, आणि तो जवळजवळ सगळा पाणीच असतो. हे कसं होतं? शेवयांची खीर आठवा. शेवया मोकळ्या असतात तोवर खीर वाहते. पण समजा शेवयांना एकमेकींशी जागोजागी गाठी मारल्या आणि मासे धरायच्या जाळ्यासारखं विणलं, तर दूध त्या जाळीत अडकून बसेल. हायड्रोजेल म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब धाग्यांची अशी जाळी, आणि तिच्यात अडकलेलं पाणी. सगळा प्रश्न गाठींचा आहे. गाठी कोण मारणार, आणि कशाने?

या इतिहासात एक बाई आहे आणि तिचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यासाठी थोडं थांबते. फॅनी हेसे. जन्म अमेरिकेतला, लग्न जर्मन डॉक्टरशी. नवरा वॉल्टर हेसे हा रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करायचा. क्षयाचा जंतू शोधून काढला ते हे कॉख. जंतू वाढवायला त्यांना घट्ट पण ओला थर हवा होता. ते जिलेटिन वापरायचे, पण उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, आणि काही जंतू तर ते खाऊनच पातळ करायचे. १८८१ साली वॉल्टरने बायकोला विचारलं, तुझ्या जेली आणि खिरी उन्हाळ्यातही घट्ट कशा राहतात? तिने सांगितलं, अगर. समुद्रातल्या शेवाळापासून निघणारा पदार्थ. आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो तोच. जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिला तो कळला होता. एकदा गोठला की चांगला कढत होईपर्यंत वितळत नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात. कॉख यांनी १८८२ च्या लेखात अगरचा उल्लेख केला. फॅनीचा नाही केला, तिच्या नवऱ्याचाही नाही.

स्वयंपाकघरातून आलेला हा अगर लक्षात ठेवा, तो पुढे परत लागणार आहे.

माणसाच्या अंगावर चालेल असं जेल मुद्दाम बनवण्याचं काम झालं चेकोस्लोव्हाकियात. ओटो विख्टर्ले आणि त्यांचे सहकारी ड्राहोस्लाव लीम यांनी पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक तयार केलं. १९६० मध्ये त्यांचा लेख 'नेचर' या मोठ्या नियतकालिकात आला. त्याच जेलचं डोळ्यात घालायचं मऊ भिंग करावं, अशी त्यांची खटपट होती. पण सरकारने ते काम बंद केलं. मग १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र उभं केलं. साहित्य काय, तर मुलांच्या खेळण्यातल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो. त्या गरगर फिरणाऱ्या खेळण्यात जेलचे थेंब टाकून पहिली भिंगं निघाली. बायको लिंडा मदतीला होतीच. पुढच्या चार महिन्यांत त्या दोघांनी घरात साडेपाच हजार भिंगं बनवली! गटाचा पापड उद्योग सुरू करताना आपण "यंत्र नाही, शेड नाही" म्हणतो, तेव्हा मला हे टेबल आठवतं. सरकारने त्याचे हक्क पुढे अमेरिकेतल्या कंपनीला विकले. विख्टर्ले यांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही.

आता डोळ्याकडून जखमेकडे येऊ.

आमच्या एका गटातल्या ताईचा हात चुलीवरच्या उकळत्या तेलाने भाजला होता. भाजलं त्या दिवशी ती रडली नाही. रडायची ती दर दोन दिवसांनी, ड्रेसिंगच्या वेळी. कोरडी जाळीची पट्टी जखमेला चिकटायची आणि ती ओढून काढली की नवी आलेली कातडी तिच्याबरोबर निघायची. "जखम बरी होऊ देत नाहीत आणि म्हणतात बरी होत नाही," असं ती म्हणायची. आपल्याकडे जुना समज आहे की जखम उघडी ठेवून वाळू द्यावी. मीही तेच ऐकत मोठी झाले. पण १९६२ साली लंडनमध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या पाठीवर बारीक जखमा करून पाहिलं. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ प्लास्टिक लावून ओल धरली. ओल असलेल्या जखमांवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कातडीच्या नव्या पेशी सरपटत पुढे जातात. खपली आली की त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते, ओल असेल तर त्या सरळ सरकतात.

म्हणजे जखमेवर न चिकटणारी, ओल धरणारी, पण अगदी निर्जंतुक पट्टी हवी. इथे किरणं येतात.

किरणं म्हटलं की आपल्याला हिरोशिमा आठवतं, नाहीतर कॅन्सरचा वॉर्ड. ती भीती उगीच नाही. पण किरणांनी वस्तू जोडताही येतात, हे १९५२ च्या सुमाराला कळलं. इंग्लंडमधल्या हार्वेल इथे आर्थर चार्ल्सबी यांनी साधं पॉलिथिन अणुभट्टीत ठेवलं. बाहेर आलं तेव्हा ते उष्णतेने वितळेना. त्याच्या धाग्यांना आपोआप गाठी बसल्या होत्या.

गाठी कशा बसतात ते सांगते. कोबाल्ट-६० नावाच्या धातूतून गॅमा किरण निघतात. ते पाण्यातून गेले की पाण्याच्या कणांचे तुकडे होतात, आणि त्यातले काही तुकडे फार अधाशी असतात. ते शेजारच्या लांब धाग्याच्या अंगावरून हायड्रोजनचा एक कण ओढून घेतात. आता त्या धाग्याचा एक हात रिकामा झाला. जत्रेच्या गर्दीत लेकराचा हात सुटलेली बाई कशी जो हात सापडेल तो पकडते, तसे दोन रिकामे हात एकमेकांना धरतात. झाली गाठ. अशा लाखो गाठी बसल्या की पातळ द्रवाचं जेल होतं. गाठ मारायला वेगळं रसायन घालावं लागत नाही. रसायन घातलं की ते जेलमध्ये थोडं उरतं, ते धुऊन काढावं लागतं, आणि जखमेवर उरलं तर आग होते. किरणांत तो प्रश्नच नाही.

तुम्ही विचाराल, मग किरण त्या पट्टीत राहत नाहीत का? राहत नाहीत. उन्हात वाळवलेल्या पापडात रात्री ऊन शिल्लक असतं का? गॅमा किरण वस्तूतून जातात, काम करतात आणि संपतात. वस्तू किरणोत्सर्गी होत नाही. धोका आहे तो कोबाल्टच्या कांड्यांजवळ जाण्यात. म्हणून त्या जाड काँक्रीटच्या खोलीत असतात आणि काम नसेल तेव्हा खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात.

पोलंडमधलं वूच हे कापड गिरण्यांचं शहर आहे, आपल्या इचलकरंजीसारखं. १९८० च्या दशकात तिथे साखर आणि मांससुद्धा कूपनवर मिळायचं. अशा दिवसांत तिथल्या तंत्रविद्यापीठात यानुश रोशाक, आन्ना रुचिन्स्का-रिबुस आणि व्वोजिमिएश पेंकाला या तिघांनी जखमेची पट्टी बनवायची एक रीत काढली. कृती ऐका, स्वयंपाकासारखीच आहे. भरपूर पाणी. त्यात पीव्हीपी नावाचा पदार्थ. हा तुम्हाला ठाऊक आहे: दवाखान्यात जखमेला लावायचं तपकिरी औषध, पोव्हिडोन आयोडीन, त्यातलं पोव्हिडोन म्हणजेच पीव्हीपी. मऊपणासाठी आणखी एक पदार्थ, आणि त्यात अगर. हो, फॅनी हेसेचा अगर! मिश्रण गरम करायचं, प्लास्टिकच्या उथळ साच्यात ओतायचं, गार होऊ द्यायचं. अगरमुळे ते वडीसारखं धरतं. मग साचा वरून बंद करायचा आणि बंद पाकीटच किरणांखाली ठेवायचं.

खरी हुशारी या शेवटच्या पायरीत आहे. किरणांची २५ किलोग्रे इतकी मात्रा दिली की धाग्यांना पक्क्या गाठी बसतात, आणि त्याच वेळी पाकिटातले सगळे जंतू मरतात. विणणं आणि निर्जंतुक करणं एकाच झटक्यात! पाकीट उघडेपर्यंत आत हातही लागत नाही. तयार झालेल्या पट्टीत दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं. ती काचेसारखी आरपार दिसते, म्हणून जखम बघायला ती काढावी लागत नाही. गार लागते, चिकटत नाही. १९८९ मध्ये या रीतीला अमेरिकेचं पेटंट मिळालं, १९९२ पासून पोलंडमध्ये कारखान्यात ती बनू लागली, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत ही रीत अनेक देशांत गेली.

२५ किलोग्रे म्हणजे किती? आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला २००२ पासून कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणं देणारं केंद्र आहे. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे पुरतात. पट्टीला २५ हजार. कांद्यात फक्त कोंबाला थांबवायचं असतं, पट्टीत एकही जंतू जिवंत ठेवायचा नसतो.

मुंबईजवळ तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, १९७४ पासून आयसोमेड हे किरणांनी निर्जंतुक करणारं केंद्र सुरू झालं. तिथे कापूस, जाळीच्या पट्ट्या, सलाइनच्या नळ्या असं दवाखान्याचं सामान निर्जंतुक होऊ लागलं. त्यात खेड्यांतल्या बाळंतपणासाठीची दाई किटसुद्धा होती. नाळ कापायचं पातं आणि बांधायचा दोरा स्वच्छ नसल्याने किती आयांनी बाळं गमावली, हे तुमच्या सासूबाईंना विचारा. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांनी बनवलेली हायड्रोजेलची पट्टीही तयार केली आणि तिचं तंत्र खासगी कंपन्यांना दिलं. भाजलेल्या रुग्णासाठी अशी जेलची पट्टी मिळेल का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. सगळ्या जखमांना ती चालत नाही, ते डॉक्टरच ठरवतील. पण विचारायचं.

आता विजेकडे परत.

मिठाच्या पाण्यातून वीज जाते ती मिठाच्या कणांमुळे. ईसीजीच्या चिकट पॅडमधलं जेलही तसंच काम करतं. कातडीवरून वाचायला तेवढं पुरतं. पण डॉक्टरांना आता थेट हृदयाच्या स्नायूशी, तुटलेल्या मज्जातंतूशी, मेंदूशी जोडायचंय. मेंदू खरवसासारखा मऊ असतो. त्यात धातूची तार खुपसली तर शरीर तिला काट्यासारखं समजतं आणि भोवती घट्ट कवच बांधतं. मग वीज पोचत नाही. म्हणजे मांसासारखं मऊ, ओलं आणि तरी तारेसारखं वीज नेणारं असं काही हवं.

प्लास्टिक वीज नेत नाही, म्हणून तर आपण वायरीवर ते चढवतो. पण १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत एका गफलतीतून वेगळंच घडलं. कोरियाहून आलेल्या एका पाहुण्या संशोधकाने एक पदार्थ हवा त्याच्या हजारपट जास्त घातला. काळ्या भुकटीऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा तयार झाला. काही वर्षांनी अमेरिकेचे अॅलन मॅकडायर्मिड टोकियोला आले, तेव्हा चहाच्या सुट्टीत त्यांची शिराकावांशी गाठ पडली आणि या पापुद्र्याची गोष्ट निघाली. पुढे अॅलन हीगर यांच्यासह तिघांनी त्या पापुद्र्याला आयोडीन, ब्रोमीन यांची वाफ दिली, आणि त्याची वीज नेण्याची ताकद कोट्यवधी पटीने वाढली. १९७७ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं, २००० मध्ये तिघांना नोबेल मिळालं.

तेव्हापासून वीज नेणारे असे पदार्थ बरेच निघाले. पॉलिपायरोल हा त्यांतला एक. काळा कुळकुळीत, ठिसूळ, पाण्यात न विरघळणारा. जेलमध्ये घालायला अगदी अडेलतट्टू. म्हणून आधी जेल करायचं, मग त्याचा कच्चा माल, म्हणजे पायरोल, जेलच्या आतच जोडायचा, असं संशोधक करतात. त्यासाठी बहुधा लोहाचे क्षार किंवा दुसरं जहाल रसायन लागतं, आणि ते नंतर धूत बसावं लागतं. हृदयाला लावायच्या वस्तूत असं काही उरून चालेल का?

इथे पोलंडची ती रीत पुन्हा कामाला आली. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी पीव्हीपी आणि पायरोल एकत्र करून त्याला गॅमा किरण दिले. पीव्हीपीच्या धाग्यांना गाठी बसल्या, आणि त्याच किरणांनी पायरोलचे कण एकमेकांना जोडले जाऊन वीज नेणारी साखळी तयार झाली. वेगळं जोडरसायन नाही. जखमेच्या पट्टीतलं पीव्हीपी, कोबाल्टचे तेच किरण, फक्त आता जेलमधून वीज वाहते.

म्हणून उद्या कोणी गावात येऊन "किरणांचं जेल आहे, लकवा बरा होतो" म्हणत डबी विकायला लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. वीज नेणारी ही किरणांची जेल अजून प्रयोगशाळेत आहेत. पेशींवर आणि उंदरांवर तपासणी चालली आहे. मात्रेचं गणितही सोपं नाही. किरण कमी पडले तर जेल पाणचट राहतं. जास्त झाले तर जाळी इतकी घट्ट होते की तिच्यात पाणी मावत नाही आणि ती तुटते. पायरोल वाढवला तर वीज चांगली वाहते, पण जेल कडक होतं, मग मऊपणासाठी केलेला सगळा खटाटोप वाया. शिवाय हवेत उघडं राहिलं तर कुठलंही हायड्रोजेल सुकतंच, भिजवलेल्या सब्जासारखं.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत सांगत होते तेव्हा मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "तो काळा पदार्थ काम झाल्यावर अंगात विरघळतो का गं?" आजी, पॉलिपायरोल अंगात विरघळत नाही. जाळी विरली तरी तो मागे राहतो. वर्षानुवर्षं राहिला तर काय होईल, आणि मागे न राहणारा पदार्थ किरणांनी जोडता येईल का, यावरच पुढचं काम चाललं आहे.